स्लो कुकरमधला रस्सा आणि सोबत क्राफ्ट बिअर : अमेरिकेत नव्याने घर मांडणाऱ्यांसाठी

अमेरिकेत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आल्यावर बहुतेकांच्या स्वयंपाकघरात पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यात स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास अन्न शिजवणारे विजेचे भांडे, येते आणि शहरात एखादी तरी लहान ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवण्याचा छोटा कारखाना, असल्यामुळे तिथल्या क्राफ्ट बिअरशीही ओळख होते. सुट्टीच्या दिवशी सकाळी मटण कुकरमध्ये लावावे आणि ते शिजत आले की मित्रमंडळींनी चार निरनिराळ्या बिअर थोड्या थोड्या चाखाव्यात, हा बेत अतिशय चांगला आहे. मात्र प्रेशर कुकरवर बसलेला हात तसाच इथे चालवला, तर रस्सा पाणचट होतो, आणि ग्लासात आवडलेली बिअर भांड्यात ओतली, तर तो कडू होतो. या दोन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी भांड्यातली बिअर आणि ग्लासातली बिअर यांची निवड वेगवेगळ्या नियमांनी करावी लागते, आणि तोच या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

आधी काय जमवावे

- चार क्वार्टचा (सुमारे पावणेचार लिटर) स्लो कुकर. चार माणसांसाठी एवढा पुरतो. पाहुणे नेहमीचे असतील, तर सहा क्वार्टचा घ्यावा.
- जाड बुडाची खोल कढई आणि मिक्सर.
- अन्नाचे तापमान मोजणारा थर्मामीटर. तो स्वस्त मिळतो आणि अनेक शंका मिटवतो.
- प्रत्येकासाठी एक लहान स्वच्छ काचेचा ग्लास, पाण्याचा जग, फुटाणे किंवा साधा पाव.
- वयाचा पुरावा. अमेरिकेत बिअर विकत घेण्यासाठी वय २१ पूर्ण असावे लागते. भारतातला वाहन परवाना अनेक दुकानांत स्वीकारला जात नाही, त्यामुळे राज्याचे ओळखपत्र निघेपर्यंत मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो. त्याचा फोनमधला फोटो चालेल, असे गृहीत धरू नये.

१. कुकर नीट ओळखून घ्या

स्लो कुकरचे मूळ कडधान्याच्या भांड्यात आहे. इर्व्हिंग नॅक्सन यांनी १९४० मध्ये त्याचे पेटंट मिळवले. लिथुआनियात शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी ‘चोलंट’ नावाचे कडधान्य-मांसाचे कालवण बेकरीच्या निवत्या भट्टीत रात्रभर ठेवण्याची ज्यू घरांतली रीत त्यांनी आईकडून ऐकली होती. पुढे रायव्हल कंपनीने त्यांचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये हेच भांडे ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले.

त्याचे काम समजून घेतले, की पुढचे सगळे नियम आपोआप लक्षात राहतात. उष्णता देणाऱ्या तारा मुख्यतः भांड्याच्या कडेने गुंडाळलेल्या असतात, त्यामुळे बटाटा, गाजर यांसारख्या कठीण भाज्या तळाशी आणि कडेला लावाव्यात, मांस वर ठेवावे. ‘लो’ आणि ‘हाय’ यांतला फरक मुख्यतः वेळेचा आहे. बहुतेक कुकरमध्ये दोन्हींवर अन्न अखेरीस उकळीच्या जवळपास पोचते, ‘लो’वर पोचायला अधिक तास लागतात इतकेच. ‘वॉर्म’ ही खूण मात्र शिजवण्यासाठी नसून शिजलेले अन्न वाढेपर्यंत गरम ठेवण्यासाठी असते. झाकणाखाली जमलेली वाफ पाणी होऊन परत आत पडते, म्हणून प्रेशर कुकरच्या किंवा पातेल्याच्या पाककृतीत जेवढे पाणी सांगितले असेल, त्याच्या निम्म्याने सुरुवात करावी.

नवा किंवा कोणाकडून घेतलेला जुना कुकर आधी पाण्याने तपासून पाहावा. निम्म्याहून थोडे अधिक पाणी भरून, झाकण लावून, ‘लो’वर आठ तास ठेवावे आणि झाकण काढताक्षणी तापमान पाहावे. ते १८५ ते २०० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ८५ ते ९३ अंश सेल्सिअस असावे. त्याहून कमी भरले, तर तो कुकर मांसासाठी वापरू नये. भारतात परत नेण्याच्या विचाराने इथला कुकर घेऊ नये, कारण तो १२० व्होल्टवर चालतो आणि आपल्याकडच्या २३० व्होल्टवर थेट लावल्यास जळतो.

२. भांड्यासाठी बिअर निवडा

बिअरमधला कडवटपणा हॉप्स या फुलांतून येतो. हॉप्स उकळल्यावर त्यांतली आम्ले कडू रूपात बिअरमध्ये उतरतात आणि ती उडून जात नाहीत. याउलट हॉप्सचा संत्र्या-मोसंबीसारखा, पाइनच्या पानांसारखा सुवास देणारी तेले उष्णतेने सहज उडतात. परिणामी इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए, सात-आठ तास शिजवली, तर ज्याच्यासाठी ती विकत घेतली तो सुवास निघून जातो आणि कडवटपणा तेवढा शिल्लक राहतो. भरीला कढईत ती आटवली असेल, तर तो अधिकच दाट होतो. त्यामुळे आयपीए, डबल आयपीए किंवा डब्यावर ‘ड्राय हॉप्ड’ असे मिरवणारी कोणतीही बिअर रश्श्यात घालू नये. ती ग्लासातच शोभते.

भांड्यात घालायची बिअर भाजलेल्या माल्टची असावी. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले, कमी-अधिक भाजलेले बार्ली. ब्राउन एल या तपकिरी बिअरमध्ये त्याची चव भाजक्या शेंगदाण्यांकडे आणि काकवीकडे झुकते, पोर्टर या त्याहून गडद बिअरमध्ये कोको आणि करपट साखरेकडे. आपल्या काळ्या मसाल्यातल्या भाजलेल्या खोबऱ्याशी आणि दगडफुलाशी या चवींचा संबंध अगदी थेट लागतो, म्हणून मटणाच्या रश्श्यासाठी माझी पहिली पसंती पोर्टरलाच आहे. ओरेगनमधल्या डेशूट्स ब्रुअरीची ‘ब्लॅक ब्यूट’ किंवा क्लीव्हलंडच्या ग्रेट लेक्स ब्रुइंगची ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ या दोन पोर्टर बऱ्याच ठिकाणी मिळतात; त्या नसतील, तर गावातल्या ब्रुअरीची पोर्टर चालेल, फक्त तिच्यात कॉफी, व्हॅनिला किंवा मिरची घातलेली नाही ना, हे डब्यावर वाचून घ्यावे. कोंबडीसाठी बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर बरी, कारण तिच्यात मुळातच धणे आणि संत्र्याची साल असते. मेन राज्यातली ‘अलागॅश व्हाइट’ हे तिचे चांगले उदाहरण आहे.

डब्यावर आयबीयू हा कडवटपणाचा आकडा दिलेला असेल, तर रश्श्यासाठी तो ३५ च्या आत पाहावा. माल्ट भरपूर असेल, तर तेवढाच आकडा जिभेला कमी जाणवतो.

शाकाहारी आणि पथ्य पाळणाऱ्या वाचकांसाठी काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे. काही पारंपरिक, विशेषतः ब्रिटिश पद्धतीच्या बिअर निवळण्यासाठी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेले आयसिंग्लास वापरले जाते, आणि ते डब्यावर लिहिलेले असतेच असे नाही. ब्रुअरीत विचारल्यास सांगतात. ‘मिल्क स्टाउट’मध्ये (स्टाउट ही पोर्टरसारखीच काळसर बिअर) दुधातली साखर घातलेली असते, त्यामुळे ज्यांना दूध सोसत नाही त्यांनी ती टाळावी. बार्ली आणि गहू यांमुळे ग्लुटेनचे पथ्य असणाऱ्यांना बिअर घातलेला रस्साही चालत नाही.

३. मटण आणि मसाला तयार करा

चार जणांसाठी पुढील प्रमाण घ्यावे: हाडासकट बोकडाचे मटण १ किलो (खांदा आणि मांडी मिळून), आले-लसणाचे वाटण २ मोठे चमचे, हळद १ लहान चमचा, मीठ २ लहान चमचे, मध्यम कांदे ३, किसलेले सुके खोबरे अर्धी वाटी, तीळ आणि खसखस प्रत्येकी १ मोठा चमचा, कांदा-लसूण मसाला किंवा काळा मसाला २ ते ३ मोठे चमचे, पोर्टर २०० मिलिलिटर, गरम पाणी एक वाटी, आणि शेवटी घालायला आमसुले ३-४, सुपारीएवढा गूळ व कोथिंबीर.

बोकडाचे मटण साध्या सुपरमार्केटमध्ये क्वचित मिळते. ते हलाल दुकानात ‘गोट’ म्हणून मागावे. ‘लँब’ म्हणजे कोकरू, आणि त्याची चरबी रश्श्याला वेगळाच वास देते. भारतीय किराणा दुकानात गोठवलेले तुकडे मिळतात. ते आदल्या दिवशीच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सुटू द्यावेत. गोठलेले मांस थेट स्लो कुकरमध्ये कधीही घालू नये. ४ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि गोठलेला गोळा या पट्ट्यात तासन्‌तास अडकून राहतो.

आता या सगळ्या कृतीचा कणा. स्लो कुकरमध्ये फोडणी होत नाही, कांदा लाल होत नाही, खोबरे भाजले जात नाही. ही कामे कढईतच करावी लागतात आणि ती टाळून सर्व जिन्नस कच्चे टाकले, तर संध्याकाळी उकडलेल्या कांद्याचा वास असलेले पाणी हाती येते. मटणाला आले-लसूण, हळद, मीठ लावून अर्धा तास ठेवावे. तेवढ्यात खोबरे मंद आचेवर बदामी होईपर्यंत परतावे, तीळ-खसखस शेवटच्या मिनिटाला घालावी, मग दोन कांदे उभे चिरून तेलात गडद लाल करावेत आणि हे सारे अगदी कमी पाण्यात बारीक वाटावे. अपार्टमेंटमधला शेगडीवरचा पंखा अनेकदा धूर बाहेर न सोडता गाळून परत आतच सोडतो, त्यामुळे खोबरे-कांदा भाजताना खिडकी उघडी ठेवावी आणि शयनगृहाचे दार लावून घ्यावे. धुराचा गजर वाजला म्हणून तो काढून ठेवणे धोक्याचे आहे आणि बहुतेक ठिकाणी भाडेकराराच्या विरुद्धही आहे.

उरलेला कांदा बारीक चिरून त्याच कढईत परतावा, मटणाचे तुकडे थोडे थोडे घालून सर्व बाजूंनी तांबूस करावेत आणि कुकरच्या भांड्यात काढावेत. आता कढईच्या बुडाशी तपकिरी खरपूड चिकटलेली असेल. तिच्यावर पोर्टर ओतावी. फेस एकदम वर येतो, म्हणून कढई खोलच हवी. फेस खाली बसला की लाकडी उलथन्याने बूड खरवडावे. तीन-चार मिनिटांत ती खरपूड विरघळून बिअर चहाच्या काढ्यासारखी गडद दिसू लागते आणि नाकाला झोंबणारा वास कमी होतो. एकूण सात-आठ मिनिटे उकळून ती अंदाजे पाऊण भाग उरू द्यावी. हा उकळा वगळू नये, कारण बंद झाकणाखाली अल्कोहोल सहज उडून जात नाही आणि कच्ची ओतलेली बिअर संध्याकाळपर्यंत रश्श्यात आंबूस, उग्र राहते.

त्यातच वाटण आणि मसाला घालून तेल सुटेपर्यंत परतावे, गरम पाणी घालावे आणि सर्व मटणावर ओतावे.

४. कुकर लावा आणि झाकण उघडू नका

भांडे निम्म्यापेक्षा कमी आणि दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. ‘लो’वर सात ते आठ तास किंवा ‘हाय’वर चार ते पाच तास लागतात. मी स्वतः ‘लो’च सुचवीन. खांद्याच्या मांसातले कठीण धागे हळूहळू विरघळून रश्श्याला जो चिकट दाटपणा देतात, तो घाईत तितका येत नाही. दर वेळी झाकण उघडले, की साठलेली वाफ निघून जाते आणि शिजण्याचा वेळ वीस ते तीस मिनिटांनी वाढतो. पहिले सहा तास काचेतून पाहण्यावरच समाधान मानावे. कुकर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावावा, एक्स्टेंशनच्या वायरला नाही.

दही, नारळाचे दूध किंवा साय घालायची असेल, तर शेवटच्या अर्ध्या तासात घालावी, नाहीतर फाटते. आमसुले आणि गूळही तेव्हाच. गुळाचा तो छोटा खडा पोर्टरचा उरलेला कडवटपणा मोडतो, त्यामुळे आधी चव पाहून मगच त्याचे प्रमाण ठरवावे.

राजम्याबद्दल एक इशारा येथेच देतो, कारण स्लो कुकर पाहिला की पुष्कळांना राजमाच सुचतो. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते. स्लो कुकरच्या मंद आचेवर ते नष्ट होईलच असे नाही, आणि अर्धवट शिजलेल्या राजम्याने काही तासांत तीव्र उलट्या-जुलाब होतात. राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकावे, ताज्या पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळ उकळावा आणि त्यानंतरच कुकरमध्ये घालावा. डब्यातला राजमा आधीच शिजलेला असल्यामुळे त्याला ही अडचण नाही.

५. चाखण्याची बैठक मांडा

अमेरिकेत घरी बिअर गाळण्याला केंद्रीय कायद्याची मोकळीक १९७९ पासून मिळाली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या तरतुदीवर १९७८ मध्ये सही केली होती. पुढच्या लहान ब्रुअऱ्यांची वाढ बऱ्याच अंशी अशा घरगुती बिअर गाळणाऱ्यांतूनच झाली. कॅलिफोर्नियातल्या चिको गावी १९८० मध्ये सुरू झालेली सिएरा नेवाडा हे त्याचे ठळक उदाहरण आहे. आज दुकानातल्या कपाटापुढे उभे राहिले की गोंधळ होतो तो या वैविध्यामुळे. तो आवरण्याचा सोपा उपाय म्हणजे एका बैठकीला चारच बिअर निवडणे, त्याही चार निराळ्या जातींच्या.

चार माणसांसाठी प्रत्येक जातीचा एकच ३५५ मिलिलिटरचा डबा आणावा. प्रत्येकाच्या वाट्याला दर वेळी नव्वद मिलिलिटरच्या आसपास येते आणि चारही बिअर संपल्यावर प्रत्येकाची एकूण बिअर एका डब्याएवढीच होते. चाखण्यासाठी एवढे पुरेसे आहे. याहून अधिक घेतल्यास तिसऱ्या ग्लासापासून जिभेला फरक कळेनासा होतो. पुष्कळ दुकानांत सुटा डबा विकत मिळतो, त्यामुळे सहाचा जुडगा घेण्याची गरज नसते. ब्रुअरीतून ६४ औंसांचा ग्राउलर, म्हणजे बिअर भरून नेण्याची मोठी बाटली, भरून आणला, तर उघडल्यावर तो एक-दोन दिवसांतच संपवावा लागतो, म्हणून या बेतासाठी तो सोयीचा नाही.

डब्याच्या बुडावर भरल्याची तारीख पाहावी. आयपीए तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल, तर घेऊ नये. पोर्टर-स्टाउट थोड्या जुन्या चालतात. हिरव्या किंवा पारदर्शक बाटल्या उजेडात ठेवलेल्या असतील, तर टाळाव्यात, कारण उजेडाने हॉप्सची कडू आम्ले फुटून स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीची आठवण देणारा वास येतो.

क्रम हलक्याकडून भारीकडे ठेवावा: आधी पिल्सनर (फिकट, हलकी बिअर) किंवा गव्हाची बिअर, मग अँबर किंवा ब्राउन एल, त्यानंतर आयपीए आणि शेवटी पोर्टर वा स्टाउट. आयपीए आधी घेतली, तर तिच्या कडवटपणाखाली पिल्सनर नुसत्या सोड्यासारखी लागते. सगळ्या बिअर बर्फासारख्या गार करू नयेत, थंडीने वास दबतो. पिल्सनर फ्रिजमधून थेट ओतावी, पोर्टर मात्र ओतण्याआधी वीस-पंचवीस मिनिटे बाहेर काढून ठेवावी. ग्लासात साबणाचा अंश राहिला की फेस टिकत नाही, म्हणून तो आदल्या रात्रीच साध्या पाण्याने पुन्हा विसळून पालथा ठेवावा.

प्रत्येक ग्लासाचा आधी रंग आणि फेस पाहावा, मग दोन-तीन छोटे श्वास घेऊन वास घ्यावा, मग घोट तोंडभर फिरवावा. वहीत प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावे. इंग्रजी पत्रकांवरचे ‘स्टोन फ्रूट’ किंवा ‘टॉफी’ हे शब्द लिहिण्याची सक्ती नाही. ‘चिकू’, ‘भाजकी ज्वारी’, ‘ओल्या नारळाची करवंटी’ असे लिहिलेले पुढच्या खरेदीला अधिक उपयोगी पडते. मधे पाणी आणि फुटाणे घ्यावेत. तिखट चिवडा या वेळी बाजूला ठेवावा, तो जिभेची धार घालवतो.

ही बैठक रस्सा तयार होण्याच्या दीड-दोन तास आधी सुरू करावी, त्याआधी नाही. सकाळपासून रिकाम्या पोटी बिअर घेत संध्याकाळपर्यंत पोचण्यात चव घेण्याचा भाग काहीच उरत नाही आणि शेवटी फोडणी-भाकरीची कामेही अंगावर येतात.

६. ताटात काय बरोबर लागते

अल्कोहोल आणि फेस या दोन्हींमुळे मिरचीचा तिखटपणा वाढल्यासारखा वाटतो, आणि कडू आयपीए त्यात भर घालते. तिखट कोल्हापुरी धाटणीच्या रश्श्याबरोबर म्हणून ब्राउन एल किंवा गव्हाची बिअर घ्यावी. पोर्टर घातलेल्या रश्श्याबरोबर तीच पोर्टर ग्लासात घेतली, तर दोन्ही जड वाटतात, असे माझे मत आहे. ज्वारीच्या भाकरीबरोबर मला ब्राउन एल सर्वांत आवडते. भाताबरोबर पिल्सनर चांगली.

रश्श्यात अल्कोहोलचा थोडा अंश राहतो. उकळून आणि आठ तास शिजवूनही तो पूर्ण गेला असे मानू नये. मुले, गरोदर स्त्रिया, व्रत-पथ्य पाळणारे किंवा दारू सोडलेले कोणी पाहुणे असतील, तर त्यांना आधी सांगावे आणि त्यांच्यासाठी बिअरऐवजी मटणाच्या हाडांचे पाणी घालून निराळा रस्सा करावा.

७. नवागतांनी जपायच्या कायद्याच्या गोष्टी

बिअर कुठे मिळेल हे राज्यावर अवलंबून आहे. उटामध्ये किराणा दुकानात पाच टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेलीच बिअर मिळते, आणि काही राज्यांत रविवारच्या विक्रीवर बंधने असतात. गाडीत बिअर नेताना डबा किंवा ग्राउलर सीलबंद असावा आणि डिकीत ठेवावा. उघडी बाटली हाताशी सापडणे हाच बहुतेक राज्यांत गुन्हा आहे.

बैठकीला आलेल्या मित्रांच्या परतीची सोय आधीच ठरवावी. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा बहुतेक राज्यांत ०.०८ टक्के, उटामध्ये ०.०५ टक्के आहे. विद्यार्थी किंवा एच-१बी व्हिसावर असलेल्यांना यात आणखी एक जोखीम आहे. पिऊन गाडी चालवल्याच्या नुसत्या अटकेवरूनही, शिक्षा होण्याआधीच, परराष्ट्र खाते व्हिसा रद्द करू शकते, आणि मग पुढच्या भारतभेटीनंतर परत येताना नव्याने अर्ज करावा लागतो. टॅक्सीचे भाडे त्यापुढे काहीच नाही.

८. उरलेल्याचे काय करावे

रस्सा उरला, तर दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवावा. कुकरचे जड भांडे तसेच आत ठेवले, तर अन्न फार हळू गार होते. तापलेले चिनीमातीचे भांडे गार ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवल्यास किंवा त्यात लगेच थंड पाणी ओतल्यास तडकते. लाकडी पाटावर ठेवून पूर्ण निवल्यावरच धुवावे. दुसऱ्या दिवशी वर गोठलेली चरबी चमच्याने काढून घेता येते आणि मसाला मुरल्यामुळे रस्सा अधिक चांगला लागतो. तो गॅसवर खळखळ उकळी येईपर्यंत गरम करावा, स्लो कुकरमध्ये नाही, कारण थंड अन्न तापायला तिथे फार वेळ जातो. डब्यात उरलेली पोर्टर झाकून फ्रिजमध्ये ठेवावी. फेस गेला तरी ती पुढच्या तीन-चार दिवसांत पिठल्यासोबतचा कांदा परतताना दोन चमचे घालायला उत्तम आहे.